सहकुटुंब, पण खुर्ची सोडून

पर्यटनाच्या जाहिराती लिहिणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. मारायचं नाही, नुसतं समोर बसवून ‘सहकुटुंब’ या शब्दाचा अर्थ त्याच्या तोंडून ऐकायचा आहे. ‘सहकुटुंब या, मनमुराद आनंद लुटा.’ ‘लहानांपासून थोरांपर्यंत सर्वांसाठी.’ डिसेंबरच्या सुट्टीत सांगलीहून मालवणकडे निघण्याआधी असली वाक्यं मी मोबाइलवर रात्रंदिवस वाचली, फोन करकरून खात्री केली, आणि तरीही फसले. म्हणून हे लिहितेय. ठिकाणांची नावं लिहू नकोस, असं सतीशने बजावलंय, म्हणून बहुतेक नावं गाळतेय. ज्यांची त्यांना कळतील.

सतीश माझा नवरा. आमचं कुटुंब तिघांचं. आम्ही दोघं आणि आमची तेरा वर्षांची मुक्ता. मुक्ताच्या पायांत जन्मापासून ताकद नाही. ती व्हीलचेअर वापरते, घरात आम्ही तिला नुसती खुर्ची म्हणतो. तोंडात मात्र तिच्या भरपूर ताकद आहे आणि ती माझ्याकडून आली आहे, असं सतीश म्हणतो. सतीशच्या तोंडात एकच वाक्य असतं, “असू दे गं.” या वाक्याने माझं निम्मं आयुष्य खाल्लंय.

मागच्या वर्षी शाळेची सहल एका गडावर गेली होती. तिथे एका सरांनी मुक्ताला न विचारता खांद्यावर टाकलं आणि वर नेलं. हेतू चांगला होता म्हणे. वर वर्गातली मुलं मोबाइलवर शूटिंग करत होती आणि “पोतं आलं, पोतं आलं” म्हणून खिदळत होती. त्या दिवसापासून मुक्ता घर आणि शाळा सोडून कुठे गेली नाही. मामाच्या लग्नाला नाही, आवडत्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला नाही. कुणी काही म्हटलं की पुस्तकात डोकं घालायची. या प्रवासाला ती तयार झाली ती पुष्कळ भांडणांनंतर, आणि तिने मला अट घातली.

“मला कुणी उचलायचं नाही. खुर्ची जाईल तिथे मी जाईन. नाही जमलं तर परत येऊ. मग पुन्हा कधी मला ‘कुठे चल’ म्हणायचं नाही. कबूल?”

मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? गाडीच्या डिकीत घडी घातलेली खुर्ची, मागच्या सीटवर मुक्ता, असे आम्ही पहाटे निघालो. आंबोलीचा घाट उतरताना धुकं होतं. सतीश “काय सुंदर धुकं आहे” म्हणत होता. मला धुक्याशी काही घेणंदेणं नव्हतं. ही पोरगी आता बाहेर पडली नाही तर कायमची घरात बसेल, एवढंच मला दिसत होतं.

पहिला मुक्काम कुडाळजवळ पिंगुळीला. तिथे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आणि चित्रकथी (चित्रं एकामागून एक दाखवत गोष्ट सांगायची जुनी कला) बघितली. खेळ अंगणातच मांडला होता. अंगण सपाट, शेणाने सारवलेलं, खुर्ची सरळ पहिल्या रांगेत गेली. मुक्ता दिव्यापुढच्या सावल्यांकडे तोंड उघडं टाकून बघत होती. मध्येच तिने मला कोपराने ढोसून “बघ, बघ” म्हटलं. तक्रारीला तिथे जागाच मिळाली नाही, त्यामुळे जास्त लिहिण्यासारखंही काही नाही. वाटलं, निभावेल. तिथून मालवणात येऊन लॉजवर झोपलो, तेव्हा मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉल्फिन दाखवणारी होडी ठरवली होती. ‘फॅमिली राइड.’ फोनवर मी तीनतीनदा विचारलं होतं, “व्हीलचेअर आहे, चालेल ना?” पलीकडून तीनही वेळा, “काही प्रॉब्लेम नाही मॅडम.” समुद्र निळाभोर होता, वारा छान सुटला होता, किनाऱ्यावर सुरूची झाडं हलत होती. किनाऱ्यापर्यंत खुर्ची आणायला आम्हा दोघांना घाम फुटला, कारण मऊ वाळूत चाकं रुततात. खुर्ची उलटी करून मागे मागे ओढत न्यावी लागते. मुक्ता समुद्राकडे पाठ करून समुद्राकडे चालली होती. “असाही समुद्र बघता येतो,” असं म्हणून ती हसली. अजून तिला हसू येत होतं.

होडी गुडघाभर पाण्यात उभी. चढायला लोखंडी शिडी. मी विचारलं, “खुर्ची कशी चढवणार?”

“खुर्ची कशाला मॅडम? ताईला उचलून घेतो ना. दोन मिनिटांचं काम.”

म्हणजे ‘काही प्रॉब्लेम नाही’चा अर्थ हा होता. मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्यांच्यातला एकजण मागून आला आणि त्याने मुक्ताच्या काखेत हात घातले. मुक्ता अशी किंचाळली की पलीकडच्या स्टॉलवरची माणसं उभी राहिली. तिने दोन्ही हातांनी चाकं घट्ट धरली होती आणि तो ओढतच होता. होडीत बसलेल्या एक बाई वरून म्हणाल्या, “अगं घाबरू नको बाळा, मजा येते!” त्यांच्या शेजारच्या पोराने मोबाइल वर केला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या माणसाचा हात झटकला आणि जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो उलट माझ्यावरच चिडला. “मदतच करत होतो ना? लोकांचं भलं करायला जावं तर हे असं!” पोराच्या हातातला मोबाइल मी काढून घेणार होते, पण मध्ये पाणी होतं. सतीश म्हणाला, “असू दे गं.” मी त्याच्याकडे असं बघितलं की तो वळून खुर्चीचे दांडे धरून उभा राहिला. होडी आमच्यासमोरून सहकुटुंब निघून गेली.

मुक्ता रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती काखा चोळत नुसती बसून राहिली.

दुपारी एका खाणावळीत गेलो. जेवणाबद्दल खोटं बोलणार नाही, उत्तम होतं. तव्यावरून थेट ताटात आलेली सुरमई, खोबऱ्यातल्या तिसऱ्या (शिंपल्यांचा एक प्रकार), गरम भात आणि गुलाबी सोलकढी. मालवणी मसाल्याने सतीशच्या कपाळावर घाम आला. मुक्ताने मासा चाटूनपुसून खाल्ला, पण सोलकढीचा पेला तसाच.

“आवडली नाही का?”

“आवडते की.”

“मग?”

तिने हनुवटीने वर दाखवलं. ‘स्वच्छतागृह’ अशी पाटी होती आणि बाण जिन्याकडे होता. “नंतर जायचं कुठे?” ती म्हणाली.

सकाळपासून तिने पाण्याची बाटलीसुद्धा उघडली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तेरा वर्षांची मुलगी घोट मोजून पितेय, कारण हॉटेल बांधणाऱ्या कुणाला तरी मोरी वरच्या मजल्यावर बरी वाटली! माझा घास तोंडातच फिरायला लागला. खाणावळवाले भले होते, वाढताना आग्रह करत होते, “आणखी घ्या, आणखी घ्या,” आणि त्यांच्या त्या भलेपणाचाही मला राग येत होता.

संध्याकाळपूर्वी आणखी एक जागा बघायची होती. मुलांसाठी मत्स्यालय आणि शेजारी बाग. इथे रॅम्प आहे, हे मी फोटोत डोळ्यांनी बघितलं होतं. रॅम्प होताच. चांगला रुंद, दोन्ही बाजूंना कठडा. आणि त्यावर खालपासून वरपर्यंत फुलझाडांच्या कुंड्या मांडलेल्या.

मी रखवालदाराला म्हटलं, “या कुंड्या?”

“शोभेसाठी आहेत मॅडम.”

“हलवा. आम्हाला वर जायचंय.”

“साहेबांना विचारावं लागेल.”

“विचारा.”

“साहेब रजेवर आहेत.”

“मग आम्ही काय करायचं?”

त्याने मुक्ताकडे बघितलं, मग माझ्याकडे. “ताईला इथे बसू दे. तुम्ही दोघं बघून या. मी लक्ष ठेवतो.”

जणू ती पार्किंगमधली स्कूटर होती. मी पर्स खांद्यावरून सतीशच्या गळ्यात टाकली आणि स्वतःच कुंड्या उचलायला लागले. पहिली कुंडी अशी जड निघाली की माझ्याच पायावर उलटली. माती चपलेत, झेंडू जमिनीवर. रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला. आत जाणारी कुटुंबं थांबून बघायला लागली. एका बाईने आपल्या मुलाला जवळ ओढलं, म्हणजे त्यांच्या दृष्टीने बघण्यासारखा मासा बाहेरच होता, तो म्हणजे मी.

“आई,” मुक्ता म्हणाली, “चल. मला नाही बघायचे मासे.”

गाडीत बसल्यावर तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं, “ठरलं होतं तसं. उद्या सकाळी घरी. आणि मग परत विचारायचं नाही.”

 मी पायाच्या अंगठ्याचा सुजलेला भाग दाबत बसले. मला त्या होडीवाल्याचा, रखवालदाराचा, रजेवरच्या साहेबाचा इतका राग आला होता की डोळ्यांपुढे रस्ता दिसेना. एका दिवसात त्यांनी माझी मुलगी परत घरात कोंडली होती, आणि त्यातल्या एकालाही आपण काही केलं असं वाटत नव्हतं.

रात्रीसाठी मालवणच्या उत्तरेला एका गावात घरगुती राहण्याची सोय ठरवली होती. मालकीण सुलभाकाकी. फोनवर मी त्यांनाही तेच सगळं विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “पायरी एकच आसा, ती मी बघतंय. खुर्ची केदी (केवढी) रुंद ता सांगा.” आता त्या पायरीवर काय मांडून ठेवलं असेल, याचा विचार करत आम्ही माडांमधून चाललो होतो, तेवढ्यात वेशीजवळ रस्ता बंद झाला.

समोरून अख्खं गाव येत होतं. टेम्पोत गाद्या, पिंपं, भांडी. डालग्यांखाली कोंबड्या. गाईम्हशी, शेळ्या, दोरीला बांधलेली कुत्री. एका बाईच्या पिशवीतून मांजर ओरडत होतं. पूर आला की काय म्हणावं तर माणसं हसत होती, पोरं उड्या मारत होती.

एकाने खिडकीशी वाकून विचारलं, “खंय चललात?”

“गावात. राहायला.”

“गावात आज कोण नाय. गाव भायर पडलो.”

ही गावपळण. या भागातल्या काही गावांची रीत. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवाचा कौल (देवाला विचारून मिळालेलं उत्तर) झाला की सगळ्या गावाने घरंदारं सोडून वेशीबाहेर जायचं आणि तीन दिवस तीन रात्री रानात खोपी घालून राहायचं. गावात जिवंत काही मागे ठेवायचं नाही. माणूस नाही, जनावर नाही, कोंबडंसुद्धा नाही. एरवी मला हे ऐकून मौज वाटली असती. त्या घटकेला मला एवढंच कळलं की आणखी एक दार बंद झालं.

डोक्यावर बोचकं घेतलेल्या, पन्नाशीच्या सुलभाकाकी गर्दीतून हात हलवत आल्या. मी गाडीतून उतरले आणि दिवसभराचं सगळं त्यांच्यावर काढलं. “फोन नव्हता का तुमच्याकडे? पोरीला घेऊन आता कुठे जाऊ मी? बुकिंग घेताना गोड बोलायचं आणि...”

काकींना माझा राग कळलाच नाही. त्या खरोखर गोंधळल्या होत्या. “कौल परवाच मिळालो,” त्या म्हणाल्या. “पण कळवक कित्याक व्हया (कळवायला कशाला हवं)? तुमचा बुकिंग आसा ता आसाच. घर भायर इला (आलं), खाट भायर इली, तुमी पण येवा.”

“अहो, पण हिची खुर्ची!”

“व्हय. झापां घातलेली आसत,” काकी म्हणाल्या. झापं म्हणजे नारळाच्या झावळ्यांचे विणलेले तट्टे. “पलीकडे, थेट खोपीपर्यंत. न्हाणी पण रुंद केलंय. आमच्या तात्यांचीव खुर्चीच आसा.”

त्याच वेळी तात्या आले. तात्या म्हणजे काकींचे सासरे. पाय गेलेले, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. जुन्या लाकडी आरामखुर्चीला दोन बांबू बांधलेले आणि चार पुतणे ती खांद्यावरून नेताहेत. देवाची पालखी असते तशी, फक्त हा देव सारखा बोलत होता. “रे मेल्यांनो, हळू! माणूस आसंय मी, नारळाचा पोता न्हय!”

‘पोता’ ऐकून मुक्ताने झटकन मान वळवली.

रस्ता आणि खोपींचा माळ यांच्यामध्ये एक व्हाळ (ओढा) होता आणि त्यावर लाकडी साकव, म्हणजे फटी असलेल्या ओंडक्यांचा छोटा पूल. तात्या त्यावरून शिव्या देत देत पार झाले. आमची खुर्ची त्यावर चाकांनी जाणं शक्य नव्हतं, ते माझ्या लगेच लक्षात आलं. सतीशच्याही आलं. तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, “असू दे काकी. आम्ही परत मालवणला लॉजवर जातो.”

आणि काकी भडकल्या. दिवसभरात माझ्याशिवाय दुसरं कुणी चिडलेलं मी प्रथमच बघत होते. “असू दे कसा? तुमी आमच्या घरातले पावणे. तुमी हंयच (इथूनच) फिरलात तर गाव भायर पडलो असा होणा नाय. एकव माणूस सोडून चलणा नाय. देवाक काय तोंड दाखवचा?”

मग त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. मुक्ताच्या खिडकीशी गेल्या. “बाय, कसा येवचा ता तूच सांग.”

“मला उचललेलं आवडत नाही,” मुक्ता म्हणाली.

साकवाच्या पलीकडून तात्यांचा आवाज आला, “माका तरी खंय आवडता गो? पण ह्या चौघांका गाळी (शिव्या) घालूक गावतत (मिळतात). तुका येतत काय गाळी?”

“येतात!” मुक्ता ओरडली.

“मगे बस तर!”

मुक्ता गाडीतून आपल्या खुर्चीत आली आणि तिने सांगितलं, “मी यातून उठणार नाही. खुर्चीसकट न्यायचं. मी थांबा म्हटलं की थांबायचं.” त्यावर गावकऱ्यांत जे भांडण पेटलं ते मी जन्मात विसरणार नाही. बांबू हाताच्या खालून घालायचे की बसायच्या जागेखालून? सुंभाने बांधायचं की नायलॉनने? एक म्हणाला पुढून दोघं, दुसरा म्हणाला तुका काय कळता, मागून दोघं जड होतत. मुक्ता त्या सगळ्यांवर आवाज चढवून सांगत होती की सांगाडा कुठे मजबूत आहे आणि कुठे हात लावायचा नाही. मागे गाई हंबरत होत्या, टेम्पोवाला इंजिन बंद करून बिडी ओढत होता. माझे कान एका वाक्याची वाट बघत होते. “जाऊ दे, दुसरीकडे बघू.” ते वाक्य कुणी उच्चारलंच नाही. ही मुलगी पलीकडे जाईल का, हा प्रश्न तिथे कुणाला पडलाच नव्हता. आरडाओरडा होता तो फक्त कशी न्यायची यावर.

खुर्ची उचलली. साकवाच्या मधोमध मुक्ता म्हणाली, “थांबा.” चौघे जागच्या जागी थांबले. मला वाटलं घाबरली. तिने वाकून खालचं पाणी बघितलं, वर माडांच्या शेंड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. सावकाश. मग म्हणाली, “चला रे मेल्यांनो.”

पलीकडे सगळा माळ हसला. मी रडले. रागानेच रडले, असं मी सतीशला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

कारण इथे माझा राग निवला असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला ओळखत नाही. त्या क्षणी तो दुप्पट झाला. ‘जमणार नाही’ हे मी तेरा वर्षं ऊन-पावसासारखं मानत आले होते. पोरीच्या नशिबाचा भाग म्हणून. आणि इथे दोन बांबू, थोडं सुंभ आणि मुक्तालाच विचारून घेण्याची अक्कल, एवढ्यात ते जमलं होतं. मग त्या सगळ्यांना काय धाड भरली होती? ज्यांच्याकडे इंजिनिअर आहेत, नकाशे आहेत, बांधलेले रॅम्प आहेत, त्यांना? जमत नव्हतं असं कधीच नव्हतं. माझी मुलगी मागे राहिली तरी त्यांचं काही अडत नव्हतं, एवढंच. त्यांच्या कुटुंबात ती मोजलेलीच नव्हती.

गाव काही देवमाणसांचं नव्हतं, हेही सांगते. संध्याकाळी खोपीपुढे जेवायला बसलो. घावणे, काळ्या वाटाण्याची आमटी, आणि मुक्ता पेल्यावर पेला सोलकढी पीत होती, कारण न्हाणी तिने आधी जाऊन बघून घेतली होती. तेवढ्यात एक म्हातारी आली, विचारल्याशिवाय मुक्ताचे पाय दाबायला लागली आणि मला म्हणाली, “देवाक नवस बोला, चेडू (मुलगी) चलाक लागतला.” माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काही बोलणार, तेवढ्यात मुक्ताने पाय सोडवून घेतला. “आजी, मला नवस नको. त्या कुंड्यावाल्याला काहीतरी करा.”

“खंयचो कुंड्यावालो?” तात्यांनी विचारलं.

मुक्ताने सगळं सांगितलं. होडी, मोबाइल, जिना, कुंड्या, रजेवरचे साहेब. महिनोन्महिने गप्प असलेली माझी मुलगी अनोळखी माणसांच्या घोळक्यात हातवारे करून सांगत होती, आणि माणसं मध्ये मध्ये “आवशीक खाव!” अशी शिवी हासडत होती. सांगून झाल्यावर तात्यांनी मफलर सारखा केला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांसमक्ष देवाला घातलेलं साकडं. प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी हुंकार द्यायचा असतो.

“बा देवा म्हाराजा! ज्या कोणी ह्या चेडवाच्या वाटेर कुंड्यो ठेवल्यान...”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या घरच्या जिन्यार सगळ्यो कुंड्यो येवंदेत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेचे गुडघे धरांदेत, आणि लिफ्ट बंद पडांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात सर्वांत मोठा आवाज माझा होता. सतीशचाही होता, हे मी कडेने बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जायचं ठरलं होतं. मुक्ताने ते काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. गाव परत घरी जाईपर्यंत आम्ही त्या माळावरच राहिलो. पोरी फुगड्या घालत तेव्हा मुक्ता खुर्ची गरगर फिरवत त्यांच्यात घुसायची. एकदा चाक झापाबाहेर जाऊन ती मऊ मातीत कलंडली, कोपर खरचटलं, आणि उठवायला आलेल्यांना तिने आधी शिव्या घातल्या, मग हात दिला. थंडी होती, डास होते, सतीशची पाठ धरली. मत्स्यालयाहून वाईट गैरसोय होती, पण ती सगळ्यांची सारखी होती.

परतीचा दिवस आला. काकींनी कोकमाचं आगळ बाटलीत भरून दिलं. तात्या मुक्ताला म्हणाले, “परत ये गो. मी आसंन नसंन, पण तू ये.” मुक्ताने येईन म्हटलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. मी विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरलं होतं ना.

फोंडा घाट चढून वर आलो. रस्ताभर मी मनातल्या मनात भांडत होते. इतक्या जाहिराती, इतक्या पाट्या, इतकं ‘आपले स्वागत आहे’, आणि आमच्या वाट्याला आलेलं खरं स्वागत कुठलं, तर स्वतःच घर सोडून निघालेल्या लोकांचं! मला कुणाची दया नको. मला फक्त तो आरडाओरडा हवा आहे, ‘हिला कशी न्यायची’ याचा, प्रत्येक दारात. पण असं गाव मी सांगलीला कुठून आणू, आणि तीन दिवस संपल्यावर या पोरीच्या वाट्याला पुन्हा तीच शिडी, तोच जिना येणार, हे मला डाचत होतं.

सतीशने चहासाठी एका नव्या चकचकीत हॉटेलापुढे गाडी थांबवली. दाराला पायऱ्या. मुक्ता स्वतःच्या हाताने चाकं ढकलत पहिल्या पायरीपाशी गेली. आतून वेटर धावत आला, मागोमाग आणखी तिघं दारात येऊन उभे राहिले. “ताई, तुम्ही गाडीतच बसा ना. मी चहा तिथे आणून देतो.”

“मी आत बसणार आहे,” मुक्ता म्हणाली.

“पण खुर्ची... जमणार नाही हो.”

“तुम्ही चौघं आहात. मी खुर्चीतून उठणार नाही आणि कुठे धरायचं ते मी सांगेन. नाहीतर फळी आणा. कसं न्यायचं ते ठरवा.”

वेटर आत गेला. मॅनेजर आला. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, मी पुढे पाऊलही टाकलं, आणि सतीशने माझा दंड धरला. मला वाटलं, आता ‘असू दे गं’ म्हणतोय. पण तो नुसता बघत होता, मुक्ताकडे.

एवढ्यात मागे एक मोठी गाडी येऊन लागली. त्यातून आजी-आजोबा, मुलं, सुना, सगळं कुटुंब उतरलं आणि दाराशी येऊन तुंबलं. मॅनेजरने घड्याळ बघितलं, हसण्याचा प्रयत्न केला आणि खाली वाकून म्हणाला, “ताई, जरा बाजूला घ्या ना. लोक खोळंबलेत.”

“मी पण,” मुक्ता म्हणाली, आणि तिने खुर्चीचा ब्रेक लावला.